आईचा एकच टेक

९ जानेवारी

ढापण्या,

फोन करणार नाही. फोनवर तू "अगं, ऐक तर" म्हणतोस आणि मी ऐकते, हा माझा जुना रोग आहे. पत्रात तुला मध्ये तोंड घालता येत नाही.

तुझा सिनेमा पाहिला.

सध्या मी खुर्च्या लावते. हसू नकोस, त्यालाही अक्कल लागते. आमचा मुकादम सभा, प्रदर्शनं, बक्षीस समारंभ, कुणाचा तरी निरोप, असली कामं घेतो आणि आम्ही चारपाच जण टेम्पोत खुर्च्यांवर बसून गावोगाव जातो. खुर्च्या एकात एक घातलेल्या असतात. सगळ्यात वर बसलेला माणूस राजासारखा दिसतो आणि वळण आलं की बोंब मारतो. त्याआधी रोपवाटिकेत होते, त्याआधी मिठाच्या गोदामात, ते तुला माहीत आहे. तुला माझं सगळंच माहीत असतं. तिथेच तर गोची झाली.

या महिन्यात काही मंडळींचं काम मिळालंय. ते छोट्या सिनेमांचा खेळ घेऊन हिंडतात. नट नाहीत, गाणी नाहीत, पैसे तर नाहीतच, असे सिनेमे. आम्ही पडदा ताणायचा, खुर्च्या मांडायच्या, लोक गेले की आवरायच्या. मधल्या वेळात सिनेमा फुकट.

मुकादमाला ते झेपत नाहीत. परवा म्हणाला, "पोरी, त्या पोराने अर्धा तास सायकलचं पंक्चर काढलं आणि सिनेमा संपला. हे काय?"

मी म्हटलं, "मामा, पंक्चर काढता काढता तो मोठा झाला ना."

"मग मी म्हातारा झालो ते बघता बघता. माझ्यावर काढा म्हणावं एक."

तू असतास तर त्याला नीट सांगितलं असतंस. आपण इस्त्रीच्या खोलीत, चादरींच्या गठ्ठ्यांवर लोळत, तुझ्या त्या रेघ पडलेल्या लॅपटॉपवर असलेच सिनेमे बघायचो. रेघ नेमकी लोकांच्या नाकावरून जायची. मला ते का आवडायचे सांगू? मोठ्या सिनेमात पोरगी एका गाण्यात मोठी होते. सुरुवातीला दोन वेण्या, शेवटी मोकळे केस, झालं. या सिनेमांत ती कधी मोठी झाली ते कुणालाच कळत नाही, तिलासुद्धा नाही. तिच्या गालावर खरी पुटकुळी असते. प्रत्येक प्रसंगात तोच स्वेटर असतो, कारण स्वेटर एकच असतो. आई रागावली की भांडी आपटत नाही, नुसती दुसऱ्या खोलीत जाते आणि कॅमेरा इकडेच राहतो. मला वाटायचं, हे कुणीतरी आपल्याच घरात बसून काढलंय.

आणि काल खरंच तसं निघालं.

मी मागच्या रांगेच्या मागे उभी होते. पडद्यावर जिना आला. मी म्हटलं, आमच्यासारखाच जिना आहे. मग बटणांचा बोर्ड आला, त्याच्या कोपऱ्यावरचा जळका डाग आला, तेव्हा कळलं की आमच्यासारखा नाही, आमचाच आहे. माझ्या खोलीत, माझ्या खाटेवर, एक अनोळखी पोरगी पाय हलवत बसली होती. आणि मग दुकानाच्या मागच्या दारातून इस्त्रीच्या कपड्यांची चळत छातीशी धरून माझी आई आली.

माझी आई, ढापण्या. तिच्यासारखी दिसणारी कुणी बाई नाही.

माझ्या शेजारी उभा असलेला आमचा टेम्पोवाला म्हणाला, "काय झालं? उचकी लागली का?"

आता नीट सांगते, म्हणजे तुला "कशाबद्दल म्हणतेस" असं विचारायची सोय राहणार नाही. दोन वर्षांपूर्वी मी कॉलेज सोडलं, आईशी कडाकडा भांडले आणि बॅग घेऊन निघाले. आई इस्त्री करत होती. मान वर न करता म्हणाली, "किल्ली ठेवून जा." मी किल्ली खिळ्याला अडकवली आणि जिना उतरले. हे मी जगात एकाच माणसाला सांगितलं, त्याच दिवशी, बसथांब्यावर. त्या माणसाला जाड भिंगांचा चष्मा आहे, तो आमच्या वरच्या मजल्यावर राहतो आणि त्याने तेव्हा शपथ घेतली होती.

तुझ्या सिनेमात हेच आहे. भांडण आहे, बॅग आहे, इस्त्री आहे. फक्त शेवटी आई इस्त्री उभी करून ठेवते, त्या पोरीकडे बघते आणि म्हणते, "किल्ली घेऊन जा. दुपारी मी झोपलेली असले तर बेल ऐकू येत नाही मला."

पोरगी किल्ली घेते. दार लागतं. वाफ. नावं.

सिनेमाचं नावही "वाफ". तुला लहानपणापासून एका शब्दाची नावं आवडतात, कारण पुढचं सुचत नाही.

लोक उठेनात. पुढच्या रांगेतला एक गृहस्थ चष्मा पुसत बसला होता. मुकादम म्हणाला, "हा बरा होता. यात निदान किल्ली तरी होती." मी खुर्च्या आवरायला घेतल्या, लोक बसलेले असताना.

ज्या वाक्याची मी दोन वर्षं वाट बघत होते, ते हे वाक्य आहे. आणि आई ते भाड्याच्या पोरीला बोलली. मला एकच विचारायचंय, बाकी शिव्या नंतर. ते वाक्य तू लिहिलंस, की ती स्वतः बोलली?

मला वाटतं तू लिहिलंस. कारण माझ्या आईला बेल ऐकू येत नाही हे खोटं आहे. तिला खालच्या दुकानात पडलेलं बटण वर ऐकू येतं.

पण मग तिच्या तोंडून ते इतकं खरं कसं आलं? तू लिहिलं असशील तर मी पुढच्या कंत्राटावर जाते, लांबचं आहे, वर्षभराचं. ती बोलली असेल तर घरी जाते. दोन्हीकडे बॅग एकच आहे, फक्त दिशा सांग.

आणि आणखी एक. ती पोरगी पूर्ण सिनेमाभर गप्प आहे. खिडकीतून बाहेर बघते. मी आयुष्यात खिडकीतून बाहेर बघितलेलं नाही. मी खिडकीतून बाहेर ओरडायचे. माझी गोष्ट घ्यायचीच होती तर तोंड कशाला काढून घेतलंस?

उत्तर मुकादमाच्या गोदामाच्या पत्त्यावर पाठव. पाठीमागे लिहिलाय.

भिंगरी


२१ जानेवारी

ढापण्या,

तुझं पाकीट आलं. तुझं अक्षर सुधारलंय. मोठा माणूस झालास.

तू लिहितोस, "सिनेमातली मुलगी म्हणजे तू नाहीस." बरं. मग तिच्या खाटेखाली माझे बूट का होते? डाव्या बुटाची नाडी लाल, उजव्याची पांढरी. हा योगायोग फार गरीब आहे.

तू लिहितोस, "कलेत माणूस जवळचंच घेतो." ढापण्या, चोरही जवळचंच घेतो. लांबचं घ्यायला गाडी लागते.

आणि तू लिहितोस की वाक्य तुझं आहे. "ते लिहायला मला फार दिवस लागले. त्याच वाक्यासाठी संवादाचं बक्षीस मिळालं." हे वाचलं तेव्हा मी एका शाळेच्या सभागृहात होते. तिथल्या खुर्च्या इतक्या लहान आहेत की मोठी माणसं बसली की सगळी शिक्षा भोगायला आल्यासारखी दिसतात. मी त्यातल्याच एका खुर्चीवर बसले. म्हटलं, चला, सुटलो. तू लिहिलंस. आईने पाठ केलं. लांबच्या कंत्राटाला हो म्हणून टाकू.

पण माझं डोकं एका जागी थांबत नाही, त्यावर तू कायम हसायचास. ते भटकत भटकत आईच्या अंगठ्यावर गेलं.

सिनेमात आईच्या डाव्या अंगठ्याला पट्टी आहे. किल्लीच्या प्रसंगात आहे, त्याच्या आधी चहाच्या प्रसंगात आहे. पट्टी मला माहीत आहे. तूच सांगितली होतीस. मी रोपवाटिकेत होते, तापाने फणफणले होते, आणि कुंड्यांच्या शेडमध्ये पडून मला एकदम घर आठवलं. कारण सांगायचं तर अगदी फालतू आहे: बाजूला कुणीतरी ओली गोणी वाळत घातली होती आणि तिला इस्त्रीच्या फडक्यासारखा वास येत होता. मी बॅग भरली आणि तुला फोन केला. आठवतं? मी म्हटलं, "येऊ का? विचारते का ती माझ्याबद्दल?"

तू म्हणालास, "आत्ता नको येऊस, भिंगरे. अजून धुमसतेय ती. कालच अंगठा भाजून घेतलाय, त्यामुळे आणखी चिडलीय. मी सांगतो तुला कधी ते."

मी विचारलं, "दुखतंय का तिला?"

तू म्हणालास, "पट्टी बांधलीय. मी बघतो ना. तू काळजी करू नकोस."

मी बॅग सोडली. आणि तू कधीच सांगितलं नाहीस.

म्हणजे तेव्हा तू आमच्या घरात होतास. कॅमेरा मांडून. मी ज्या खोलीत यायची परवानगी मागत होते त्याच खोलीत उभा राहून तू मला नको म्हणालास. मागे कुणीतरी "सगळे शांत" असं म्हटलेलं मला ऐकू आलं होतं. मी विचारलं तर म्हणालास, रेडिओ.

का, ते मला कळतं. मी खुर्च्या लावते ना. एकदा रांगा आखल्या की कुणी एक खुर्ची सरकवली तरी सगळं वाकडं दिसतं. तुमच्याकडे सेट नसतो, दुसरं घर भाड्याने घ्यायची ऐपत नसते, जी खोली मिळाली ती मिळाली. आठवडाभर दुकान चालणार, सुट्टीच्या दिवशी शूटिंग. म्हणजे महिनोन्‌महिने ती खोली जशीच्या तशी राहायला हवी. बूट तिथेच, गादीवरची घडी तशीच, खिळ्यावर किल्ली. आणि मी घरी आले असते तर पहिलं काय केलं असतं? बूट घातले असते.

शिवाय आईने काम सोडलं असतं. खरी पोरगी आल्यावर भाड्याच्या पोरीसमोर कोण रडेल?

एवढंसं होतं, ढापण्या. मला सांगायचंस. "भिंगरे, माझा सिनेमा अडकलाय, थोडी कळ काढ." मी काढली असती. मी तुझ्यासाठी शाळेत तुझ्या वाट्याच्या छड्याही खाल्ल्यात, आणि तेव्हा तर तुझ्याकडे कॅमेराही नव्हता. पण तू माझ्या आईला रागीट ठरवलंस. तिचा राग तू मला फोनवर रोज थोडा थोडा वाढून दिलास, आणि मी तो खाऊन झोपत होते.

एकदा मी सरळ दुकानातही फोन केला होता. तुला सांगितलं नव्हतं. आईने उचलला. मी म्हटलं, "मी बोलतेय." तिने दोनदा हॅलो म्हटलं, थांबली आणि ठेवून दिला. तेव्हा मला वाटलं, तू म्हणतोस ते खरंच असेल.

या पत्राला उत्तर नको. तुझी वाक्यं आता बक्षीसपात्र झालीत. माझ्यासारखीला ती परवडायची नाहीत.


२ फेब्रुवारी

उत्तर नको म्हटलं तरी पाठवलंस. आत महोत्सवाचा कागद, तुझा फोटो आणि त्यावर "मला माफ कर, पण सिनेमा खरा आहे" हे. फोटोत चष्मा काढलायस. तुझे डोळे इतके बारीक आहेत हे मला माहीत नव्हतं.

लांबच्या कंत्राटाला मी हो म्हणाले होते. टेम्पो उद्या निघणार होता. पण आज संध्याकाळी इथल्या वाचनालयात पुन्हा तुझाच सिनेमा लागला. मी बाहेर थांबणार होते. मुकादम म्हणाला, "आत जा, थंडी आहे. आणि तो किल्लीवाला आहे, चांगला आहे." त्याला मी काही सांगितलेलं नाही. तो बिचारा तिसऱ्यांदा बघत होता आणि शेजारच्या बाईला पुढचं आधीच सांगत होता.

या वेळी मी गोष्ट बघितली नाही. आईचे डोळे बघितले.

आईला दुसऱ्याचं वाक्य बोलता येत नाही. कधीच आलेलं नाही. माझ्या शाळेत पालकांनी आभाराचे दोन शब्द म्हणायचे होते, बाईंनी कागद लिहून दिला होता, तर ही उभी राहून म्हणाली, "कागदावर पुष्कळ आहे, पण पोरं नीट खाऊन घरी आली एवढंच मला माहीत आहे," आणि खाली बसली. तू होतास. तू टाळ्या वाजवल्या होत्यास.

तुझ्या सिनेमात ती वाक्यं बोलते तेव्हा दर वाक्याआधी तिची नजर उजवीकडे जाते. इतकी पटकन, की लोकांना वाटतं किती खोल विचार करते. तिथे तू कागद धरून उभा असणार. चहाच्या प्रसंगात जाते. भांडणात तर सारखी जाते. एकदा तिने वाचून झाल्यावर मान हलवलीय, "हं, कळलं" अशी, आणि तू ती ठेवलीस, लोकांनी उसासे टाकले.

किल्लीच्या वाक्याला नजर उजवीकडे जात नाही.

ती इस्त्री उभी करते. ओलं बोट फडक्याला पुसते. त्या पोरीकडे बघते, मग तिच्याही जरा मागे, दाराकडे बघते. आणि बोलते. आणि बोलून झाल्यावर तुझ्याकडे बघतच नाही, बरोबर आलं का असं विचारत नाही. बाकी प्रत्येक वेळी विचारते.

मागे बसलेली एक बाई आपल्या मुलीला हळूच म्हणाली, "ही खरी नटी नाही वाटत."

मुलगी म्हणाली, "म्हणूनच तर."

ढापण्या, त्या एवढ्याशा मुलीला कळलं, आणि बक्षीस देणाऱ्यांना कळलं नाही. की तुला कळलं होतं आणि तू गप्प राहून बक्षीस घेतलंस?

मुकादमाला सांगितलं, टेम्पोत माझी जागा धरू नका. तो म्हणाला, "कुठे निघालीस?" मी म्हटलं, "सिनेमाचा शेवट बघायला." तो म्हणाला, "आत्ता तर बघितलास," आणि टेम्पोतून मला एक खुर्ची काढून दिली, वाटेत बसायला. तडा गेलेली आहे. म्हणाला, मोजणीत नाही.


६ फेब्रुवारी

आमच्या जिन्यात बसून लिहितेय. मुकादमाच्या खुर्चीवर. खालच्या पायरीवर तीन पाय आणि वरच्यावर एक, असं काहीतरी जमवलंय. वर तुझ्या दाराला कुलूप आहे, सिनेमा घेऊन हिंडत असशील.

दुकानाचं शटर अर्धं ओढलेलं आहे, म्हणजे आईची दुपारची झोप. वर आले, बेल वाजवली. पुन्हा वाजवली. दारावर थाप मारली. खालचा चप्पलवाला बाहेर येऊन बघून गेला. आत पंखा चाललेला ऐकू येतोय, म्हणजे ती आहे.

पहिल्यांदा वाटलं, दार उघडायचं नाही तिला. तेच जुनं. मी खुर्ची उचलून निघालेही. मग जिन्याच्या वळणावर तिचं वाक्य आठवलं आणि परत येऊन बसले.

ढापण्या, बेल खरंच ऐकू येत नाही तिला.

आता वाट बघते. तुला हे लिहायचं म्हणून नाही लिहीत, हाताला काहीतरी हवं म्हणून.

(नंतर.)

आईने दार उघडलं. दुकान उघडायला निघाली होती, हातात शटरचा आकडा. केस पुष्कळ पांढरे झालेत, ते तुझ्या सिनेमात अंधारात कळत नाहीत. माझ्याकडे बघितलं, खुर्चीकडे बघितलं आणि म्हणाली, "बाहेर कशाला बसलीस? किल्ली आहे ना तुझ्याकडे?"

मी म्हटलं, "कुठली किल्ली?"

"कुठली म्हणजे? पाठवली नव्हती का मी त्या चष्मेवाल्याबरोबर?"

मी "नाही" म्हटलं, पण इतकं हळू की मलाच ऐकू आलं नाही. मी! तुला विश्वास बसेल का?

ती म्हणाली, "मोठ्याने बोल. या कानाने येत नाही आता." डावा कान. मी गेले त्याच हिवाळ्यात फुटला, पू झाला, मग ऐकू येणंच गेलं. झोपताना ती उजव्या कुशीवर झोपते, म्हणजे चांगला कान उशीत जातो, मग बेल वाजो नाहीतर छत पडो. आणि दुकानातला फोन ती सवयीने डाव्याच कानाला लावते, कारण उजव्या हातात इस्त्री असते. तुला हे सगळं माहीत होतं. तूच तिला कानाच्या डॉक्टरकडे घेऊन गेला होतास म्हणे, मोटारसायकलवर. मला तू सांगायचास, "ठणठणीत आहे."

मग आत बसून तिने सांगितलं. ती शर्टांना बटणं लावत होती, त्यामुळे तोंडात दोरा, त्यामुळे अर्धं मला अंदाजाने समजून घ्यावं लागलं.

"तो आला कागद घेऊन. म्हणाला, मावशी, इथे तुम्ही म्हणायचं, किल्ली ठेवून जा. मी वाचलं. म्हटलं, बाळा, हे एकदा बोलून झालंय माझं. परत नाही बोलणार, तू कितीही मोठा सिनेमावाला हो."

"मग?"

"मग तो म्हणाला, पण खरं तेच घडलं ना. मी म्हटलं, घडलं म्हणून काय झालं? यंत्र चालू कर, मला जे बोलायचं ते बोलते. एकदाच बोलीन. जमलं तर ठेव."

"आणि ती पोरगी?"

"ती चांगली पोर. माझ्या बोलण्यावर तिला खरंच रडू फुटलं. किल्ली घेतली तिने. नंतर मी त्याच्याकडून वचन घेतलं, की ही किल्ली आता आमच्या भिंगरीला नेऊन दे, आणि मी काय म्हटलं तेही सांग. तो म्हणाला, हो मावशी, नक्की. सिनेमा झाला की देतो."

तिने दोरा दाताने तोडला.

"मी म्हटलं, मिळाली असेल. दुपारी झोपताना रोज वाटायचं, आज उठेन तर स्वयंपाकघरात आवाज येईल. आला नाही. म्हटलं, किल्ली मिळूनही येत नाही, म्हणजे राग फार मोठा असणार. मग मी कशाला मागे लागू?"

तर असं झालं, ढापण्या. मला वाटत होतं तिने दार लावून घेतलंय. तिला वाटत होतं मी उघड्या दारातून येत नाही. आणि मध्ये तू उभा होतास, कागद घेऊन, आणि दोघींना सांगत होतास, नक्की, नक्की, सगळे शांत.

ते वाक्य माझ्या नावावर पाठवलेला निरोप होता. तू तो फोडलास, मोठ्या पडद्यावर लावलास, खाली स्वतःचं नाव घातलंस. गावोगावची माणसं तो ऐकून डोळे पुसून घरी गेली. मुकादमानेही तो माझ्याआधी पाठ केला. ज्या पोरीसाठी होता, ती मागे उभी राहून खुर्च्या मोजत होती.

तू म्हणशील, पण शेवटी निरोप पोचला तो सिनेमामुळेच. खरं आहे. त्या सिनेमांवर मी चिडू शकत नाही, तिथेच तर माझी अडचण आहे. स्वस्तातला कॅमेरा, आमची मळकी भिंत, पाठांतर न येणारी बाई, म्हणून ते वाक्य आत शिरू शकलं. मोठा सिनेमा असता तर कुणीतरी चांगली नटी तुझा कागद बरोब्बर वाचून गेली असती आणि मी लांबच्या टेम्पोत बसले असते. सिनेमा खरा आहे, हे तू फोटोवर लिहिलंस ते बरोबर आहे. त्यात खोटं काय होतं ते कॅमेऱ्याच्या मागे उभं होतं.

आईला मी विचारलं, "तू बघितलास का सिनेमा?"

"दाखवला त्याने लॅपटॉपवर. माझ्या नाकावर रेघ होती."

"कसा वाटला?"

"माझं दार चांगलं दिसतं," आई म्हणाली. "आणि ती पोर फार गप्प बसते. मी त्याला तेव्हाच म्हटलं होतं, ही आमची वाटत नाही."

मग ती दुकान उघडायला खाली गेली. मी बूट घातले. एक लाल, एक पांढरी नाडी. आत माती होती, तुझ्या भाड्याच्या पोरीने कुठे कुठे हिंडवलेत कोण जाणे. निदान त्या बुटांनी तरी तेवढं केलं.

खिळ्यावर काहीच नाही. आई म्हणते, चावीवाल्याकडून दुसरी करून घेऊ. मी नको म्हटलं. मला तीच हवी, तिने दिलेली. तुझ्या सामानात कुठेतरी असेल, प्लास्टिकच्या पिशवीत, वर चिठ्ठी लावून, कारण तुम्ही लोक वस्तू जपून ठेवता.

पाकिटात घालून पाठव. स्वतः आणू नकोस. बेल दाबशील आणि आईला ऐकू येत नाही.

मलाही येणार नाही.